दस्तगीरभाईंच्या बोटातली सुई

"चाचा, आंगात कुठं सळई, छर्रा, धातूचा तुकडा असं काय हाय का?" एमआरआयच्या खोलीबाहेर फॉर्म भरता भरता तिथली टेक्निशियन करुणानं विचारलं.

"हाय की!" दस्तगीरभाई ताठ बसले. "सुई हाय. ह्या बोटात."

करुणाचं पेन थांबलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी जैनबबी छताच्या पंख्याकडे बघू लागल्या.

औंढ्यात ही सुई ठाऊक नाही असा माणूस सापडणं कठीण. लग्नाच्या पहिल्याच वर्षी टीप मारताना दस्तगीरभाईंचं बोट शिलाई मशीनच्या सुईखाली आलं, सुई मोडली आणि टोक आत राहिलं. तेव्हापासून त्यांची शिलाई अशी सरळ, की नागनाथाच्या दर्शनाला आलेली माणसंही जाता जाता सदऱ्याचं माप देऊन जात. "बोटातली सुई वाट दावती," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, आणि त्यांना स्वतःलाही ते मनापासून पटलेलं होतं. पण गेले दोन महिने त्याच हाताची बोटं बधिर झाली होती. कात्री निसटायची, काज वाकडं यायचं. मानेत शीर दबली असेल, म्हणून डॉक्टरांनी त्यांना हिंगोलीला धाडलं होतं. बोटं गेली तर मशीन झाकून ठेवायची आणि मग दिवसभर करायचं काय, या विचारानं त्यांची झोप उडाली होती.

"मंग असं आत जाता येनार न्हाई," करुणा म्हणाली. "आत लई मोठं चुंबक असतंय. आदी एक्स-रे काढू."

"आवो ताई, सुई-बिई काय..." जैनबबी बोलू लागल्या.

"जैनब, तू गप बस. तुला काय कळतंय त्यातलं?"

एक्स-रेत बोटाची हाडं स्वच्छ दिसली. सुई नव्हती. "चाळीस वरसांत सरकली आसंल," म्हणून दस्तगीरभाईंनी सगळ्या पंजाचा फोटो काढायला लावला. त्यातही नव्हती.

"चांगलंच झालं की, चाचा!" करुणा म्हणाली. दस्तगीरभाईंचा चेहरा मात्र जत्रेत माणूस हरवल्यासारखा झाला. कॉलरमागच्या टाचण्या, खिशातलं बोटात घालायचं अंगुस्तान, पत्र्याच्या टोकांची मापाची टेप, सगळं त्यांनी मुकाट्यानं ट्रेमध्ये ठेवलं. "आजून काही?" करुणानं विचारलं. "न्हाई," ते बोट चोळत म्हणाले. "आता काहीच न्हाई."

करुणानं त्यांना आडवं केलं आणि सगळं नीट समजावलं. दुखणार काही नाही. आवाज मोठा होईल, म्हणून कानांवर हेडफोन. भीती वाटली तर हातातला रबरी फुगा दाबायचा. अर्धा तास लागेल, फक्त हलायचं नाही.

बोगद्यात सरकताना दस्तगीरभाईंनी डोळे मिटले आणि अल्लाचं नाव घेतलं. आवाज सुरू झाला. ठकठकठकठक. पहिल्यांदा त्यांनी फुगा घट्ट धरला. मग हा आवाज ओळखीचा वाटू लागला. जाड कापडावर लांबलचक टीप मारताना हाच तर ताल असतो! जीव एकदम निवांत झाला.

"चाचा, हलू नका! फोटो हलून राहिला," कानात करुणाचा आवाज आला.

"म्या कुठं हललो?"

"पाय, चाचा!"

चादरीखाली उजवा पाय पायडल मारत होता. करुणानं आत येऊन तो पट्ट्यानं बांधला. ठकठक सुरू झाली आणि डावा पाय चालू लागला. दोन्ही बांधले, तर सगळं अंगच तालावर हलू लागलं.

"चाची, आता न्हाई जमनार," करुणा काचेमागे थांबलेल्या जैनबबींजवळ येऊन म्हणाली. "पुढच्या हप्त्यात गुंगीचं इंजेक्शन देऊन करावं लागंल."

"ते बोलायचं इकडं द्या," जैनबबी म्हणाल्या आणि माईकमध्ये ओरडल्या, "अजी, दोरा तुटला!"

पाय जागच्या जागी थांबले. पुढचा अर्धा तास, ठकठक नव्यानं सुरू झाली की जैनबबी दोरा तोडत राहिल्या.

शीर थोडी दबली होती. ऑपरेशन नको, मानेचा व्यायाम करा, बोटं हळूहळू ताळ्यावर येतील, असं डॉक्टर म्हणाले. तरी परतीच्या बसमध्ये दस्तगीरभाई बोटाकडेच बघत होते.

"बोटं येतील. पन सुईच न्हाई तर टीप सरळ पडंल कशी?"

जैनबबी त्यांच्याकडे वळल्या. "ती त्याच दिवशी निघाली, अजी. रगत बघून तुमी आडवे पडले. म्याच चिमट्यानं काढली अन् फेकून देली."

"मंग इतकी वरसं बोलली काहून न्हाई?"

"तुमी शुद्धीवर आले अन् लोकायला सांगू लागले, सुई आत हाय पन डोळ्यात पानी न्हाई. चार लोकांत तुमाला खोटं पाडू का? अन् पुढं तर टीपबी सरळ पडू लागली."

दस्तगीरभाईंना आधी भारी लाज वाटली. मग लक्षात आलं, की चाळीस वर्षांची सगळी सरळ शिलाई या नुसत्या बोटानं केली होती. त्यांनी बोटं हळूहळू मिटली, उघडली. आणि शेजारी बसलेल्या जैनबबींकडे दोन-तीनदा चोरून पाहिलं.

औंढ्याच्या स्टँडवर चहावाला सटवाजी आडवा आला. "काय भाई, दिसली का सुई?"

दस्तगीरभाईंनी जैनबबींकडे पाहिलं. "एवढी मोठी मशीन, सटवाजी, पन तिलाबी सापडली न्हाई."

"आँ? मंग गेली कुठं?"

"लई खोल गेली," जैनबबी पदर सावरत म्हणाल्या आणि घराच्या वाटेला लागल्या.