उकंडरावांच्या ट्रॅक्टरची पितळी पेटी

"विदर्भात गुन्हेगार दोनच प्रकारचे," कडूबा सांगायचा. "एक मी पकडलेले, अन् दुसरे अजून मले न भेटलेले."

पहिल्या प्रकारात आजवर कोणाचीच भरती झालेली नाही, ही गोष्ट त्याचा मेहुणा गणेश मनातच ठेवायचा. त्याच्या मनात आता फारशी जागा उरली नव्हती.

कडूबा बीबी गावातल्या दुकानांना सीसीटीव्ही कॅमेरे बसवून द्यायचा. पडद्यावर लोकांच्या हालचाली पाहून पाहून, आपण मुळात गुप्तहेर आहोत असा त्याला साक्षात्कार झाला. त्याने लगेच दुकानाच्या पाटीवर 'खाजगी गुप्तहेर' असं लाल अक्षरांत रंगवून घेतलं आणि गुप्त असं काही शिल्लक ठेवलं नाही. गणेश कॅमेरे बसवताना शिडी धरायचा. आता तो सहायक गुप्तहेर झाला होता. शिडी मात्र सुटली नव्हती.

त्या दुपारी डिंपलचा फोन आला. "कडूभाऊ, लवकर या. पेटी गायब झाली!"

"किती किलोची?"

"नखाएवढी."

"म्हणजे हिऱ्यांची," कडूबाने फोन ठेवत निदान केलं.

डिंपल ही उकंडरावांची सून. नवा ट्रॅक्टर दारात आला म्हणून तिच्या नवऱ्याने, शेखरने, जुना विकला होता. तेव्हापासून उकंडराव नव्यावर बसले नव्हते आणि मुलाशी बोललेही नव्हते. समोरासमोर जेवताना मीठ हवं असलं तरी सुनेला म्हणायचे, "त्याले म्हणा, मीठ सरकव."

डिंपलला हुबेहूब छोट्या गाड्या जोडायचा नाद होता. सासऱ्यांच्या वाढदिवसासाठी ती गुपचूप तोच जुना ट्रॅक्टर वीतभर आकारात बनवत होती. बारीक भागांसाठी तिने पहिल्यांदाच कोरीव पितळेचा पत्रा मागवला होता. पोस्टकार्डाएवढा, पापडाहून पातळ. पुढची जाळी, पायरी, आरसा, सगळं आम्लाने कोरलेलं आणि केसाएवढ्या दांड्यांनी पत्र्याला धरून असलेलं. एकेक भाग कापायचा, चिमट्याने उचलायचा, गोंदाच्या टिपक्यावर टेकवायचा. डिंपलने उत्साहात सगळे भाग एकदमच कापून वाटीत टाकले. त्यांचे नंबर राहिले पत्र्यावर, आणि सोबतचा कागद होता चिनी भाषेत.

"चित्रात सीटमागं औजारांची पेटी दिसते," दोघं घरी पोचताच ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "वाटीत नाही. आज संध्याकाळी द्यायचाय हो ट्रॅक्टर!"

कडूबाने पिशवीतून जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं आणि फरशीवर गुडघे टेकून खोलीभर फिरवलं. दोन सुया, एक पिन आणि पलंगाखालची कात्री हाती लागली.

"पितळ चुंबकाले चिकटत नाही, भाऊजी," गणेश हळूच म्हणाला.

"मले माहीत नाही का बे? मी चुंबकाची परीक्षा घेऊन राह्यलो."

मग त्याने झटक्यात चिकटणाऱ्या त्या गोंदाची बाटली पुरावा म्हणून उचलली, झाकण उघडून वास घेतला आणि खिशातलं भिंग जवळ आणलं. पुढच्या क्षणी अंगठा भिंगाला चिकटला होता. गणेशने ओढून पाहिलं. कडूबा ओरडला, भिंग जागचं हललं नाही.

"राहू दे," कडूबा म्हणाला. "हत्यार हातात असलेलंच बरं. सकाळपासून इथं कोण आलं होतं?"

"शेजारच्या सिंधूताई. विरजण मागायला."

सिंधूताईंना बोलावलं. कडूबाने त्यांच्या नाकातल्या चमकीवर भिंग रोखलं. "पितळेची दिसते. नवी?"

"माह्या लग्नातली हाय, मुडद्या! सोन्याची!" सिंधूताई कडाडल्या. "अन् ते काच माह्या तोंडावरून काढ!"

"निघत नाही," गणेशने खुलासा केला.

सिंधूताई सुटल्या. बाकीचे भाग डिंपलने चित्र पाहून आधीच चिकटवले होते; आता वाटीत एकच तुकडा उरला होता. अधिकच्या चिन्हासारखा, चपटा, एक हात जरा लांब, वर नखाने ओढल्यासारख्या बारीक रेघा. चित्रात असलं काहीच नव्हतं.

कडूबाचा आवाज खाली आला. "सापडलं. ही टोळीची खूण. पेटी न्यायची अन् खूण ठेवायची. चार हात म्हणजे चार जण. लांब हात म्हणजे म्होरक्या. त्याचा हात वरपर्यंत पोचलेला हाय!"

"अन् रेघा?" गणेशने विचारलं.

"पोलिसांचे वळ."

गणेशने डिंपलकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपल्या भाऊजींना एकदा तरी, चुकून का होईना, बरोबर यावं.

तेवढ्यात दारात उकंडराव उभे राहिले. "कायचा गोंधळ हाय? चहा भेटन का नाही?"

टेबलावरचा ट्रॅक्टर झाकायला गणेश आडवा आला, पण तो होता काडीसारखा. उकंडरावांना सगळं दिसलं. ते जवळ येऊन ट्रॅक्टरवर वाकले. मग बोट लावून म्हणाले, "हा दिवा वाकडा हाय."

"मुद्दाम बसवला, बाबा. तुमचा तसाच होता ना."

उकंडरावांनी उपरण्याने नाक पुसलं. "अन् माही पेटी कुठी हाय?"

"चोरीला गेली!" कडूबाने भिंगासकट हात उंचावला. "पण टोळीची खूण माह्या ताब्यात हाय!"

उकंडरावांनी ती खूण तळहातावर घेतली. टेबलावरची स्टीलची पट्टी एका रेघेवर दाबली आणि नखाने एक बाजू उभी केली. मग दुसरी, तिसरी. चौथी, लांबवाली, वरून वळून आली आणि तिचं झाकण झालं.

"हे घ्या पेटी."



"मिठाईचे डबे असेच चपटे येतात ना," उकंडराव म्हणाले. "या पोरीच्या लग्नात किती दुमडले म्या."

"टोळी दुमडली गेली," कडूबा गंभीरपणे म्हणाला. "माह्या अंदाजाप्रमाणे." गणेश त्याचा अंगठा सोडवायला साबणाचं कोमट पाणी आणायला निघाला.

डिंपलने चिमट्याने पेटी सीटमागे टेकवली. उकंडरावांनी नखाने झाकण पुन्हा थोडं उघडलं. "माह्या पेटीचं झाकण कधी लागलंच नाही. दोरी बांधत जाय मी." आणि तसेच दाराशी जाऊन त्यांनी हाक मारली, "शेखर! इकडं ये बे!"

डिंपलचा चिमटा हवेतच थांबला. शेखर गोठ्यातून धावत आला. बापाने आपलं नाव घेतलं म्हणजे घरात काहीतरी विपरीत घडलं, अशा चेहऱ्याने.

"हे पाय. तू इकलेला ट्रॅक्टर घरी आला. आता याले गिऱ्हाईक आणशीन तं याद राख."

शेखर ट्रॅक्टरकडे बघत राहिला, मग बापाकडे. "नाही इकत, बाबा."

"मंग उभा काऊन? बस. चहा पे."