पाहुण्या कलाकारांची साक्ष

चार दिवसांसाठी आलेला भाचा अकरा महिने झाले तरी पुढच्या खोलीतून हलत नाही, ही घटना कुठल्याही घरात घडू शकते. काकूंच्या घरात ती घडली, एवढंच. काकू शिवणकाम करत. पुढच्या खोलीला रस्त्याकडची मोठी खिडकी होती, खिडकीखाली मशीन होतं, आणि गिऱ्हाईक दारातूनच डोकावून "झालं का हो माझं?" असं विचारू शकत होतं. भाचा आला आणि मशीन स्वयंपाकघरात गेलं. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागे, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागे. शिवलेल्या कपड्यांना तळणाचा वास येऊ लागला तेव्हा गिऱ्हाईकही येईनासं झालं.

काकूंनी आधी गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, मग तोंड सोडलं, शेवटी दावा लावला. मागणी एकच होती, पुढची खोली मोकळी करून द्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. काकूंच्या वाट्याला आलेली पायरी प्लायवूडची होती. कारण त्याच सुमारास न्यायखात्याने 'मनोरंजनातून न्याय' ही योजना जाहीर केली आणि तुंबलेल्या दाव्यांपैकी किरकोळ घरगुती दावे एका वाहिनीकडे सोपवले. वाहिनीने ते मालिकेच्या रूपात चालवायचे, न्यायाधीश मात्र खरा, आणि त्याचा निकाल दोन्ही पक्षांवर बंधनकारक. जाहिरातींच्या काळात न्याय तात्पुरता स्थगित राहील, असंही परिपत्रकात स्पष्ट केलेलं होतं. मालिकेचं नाव 'निकाल राखून'.

काकूंच्या वकीलबाई तरुण होत्या आणि तयारीने आल्या होत्या. पहिल्याच भागात त्यांनी घर काकूंचं असल्याचं बिनतोड सिद्ध केलं. न्यायाधीशांनी पेनाचं टोपण काढलं.

"कट!" दिग्दर्शक धावत आला. "साहेब, निकाल देताय की काय?"

"पुरावा स्पष्ट आहे," न्यायाधीश म्हणाले.

"स्पष्ट आहे हेच तर दुखणं आहे. लोकांनी बघायचं काय मग? बाई खरं बोलते, मुलगा लबाड आहे. हे तर लोकांना घरबसल्या माहीत असतं!"

न्यायाधीशांनी टोपण लावलं. ते नुकतेच निवृत्त झाले होते. घरी त्यांचं कोणी ऐकत नसे आणि इथे ते आत आले की सगळे उठून उभे राहत. असा मान सहजासहजी कोण सोडतो?

प्रेक्षक मात्र घटत चालले. आता योगायोग असा, की शेजारच्याच स्टुडिओत वाहिनीची अंतराळावरची मालिका नुकतीच बंद पडली होती. शेवटच्या भागात कप्तानाने यानाचा दरवाजा जोरात आपटला, भिंत कोसळली, आणि अथांग अंतराळाच्या जागी कँटीन दिसलं. मालिका संपली, पण कलाकारांचे करार संपले नव्हते. ते रोज वेशभूषा करून यायचे, जेवायचे आणि जायचे. वाहिनीच्या हिशेबनिसाला ते बघवेना.

"बसून खातायत," तो म्हणाला, "तर उभं राहून साक्ष तरी देऊ दे."

अशा रीतीने काकूंच्या दाव्यात तीन पाहुणे कलाकार दाखल झाले. चंदेरी पोशाखातला कप्तान, पत्र्याचा यंत्रमानव आणि भविष्यकाळातून आलेला काळप्रवासी. वकीलबाई ताडकन उठल्या.

"हरकत आहे! या मंडळींचा या खोलीशी संबंध काय?"

"संबंध अगदी थेट आहे," भाच्याचा वकील शांतपणे म्हणाला. "प्रतिवादी हा पाहुणा आहे की नाही, हाच वादाचा मुद्दा आहे. हे तिघेही पाहुणे कलाकार. पाहुणेपणातले तज्ज्ञ म्हणून मी त्यांना बोलावतो."

न्यायाधीशांनी दिग्दर्शकाकडे पाहिलं, दिग्दर्शकाने घड्याळाकडे. हरकत फेटाळण्यात आली.

"आपण किती ग्रहांवर पाहुणे म्हणून गेलात?" वकिलाने कप्तानाला विचारलं.

"सत्तेचाळीस."

"त्यांपैकी किती ग्रह रिकामे करून दिलेत?"

"एकही नाही," कप्तान छाती काढून म्हणाला. "एकदा झेंडा लावला की परत फिरायची आमच्यात पद्धत नाही."

दुसऱ्याच दिवशी भाच्याने पुढच्या खोलीच्या खिडकीत आपला टॉवेल टांगला. कोर्टाने तो झेंडा म्हणून नोंदवून घेतला.

यंत्रमानवाच्या वेळी शपथेवरूनच अडलं. आपल्याला खोटं बोलताच येत नाही, तशी सोयच केलेली नाही, असं त्याने सांगितलं. तेव्हा, ज्याला खोटं बोलता येत नाही त्याच्या खऱ्याला किंमत काय, असा कायदेशीर पेच निर्माण झाला आणि त्यावर आठवडा निघाला. अखेर त्याला अनुभवी साक्षीदारांकडून प्रशिक्षण देण्यात आलं आणि मग शपथ देण्यात आली. उलटतपासणीत वकीलबाईंनी हुकमाचं पान काढलं.

"पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ही म्हण तुम्हाला मान्य आहे?"

यंत्रमानवाच्या कपाळावरचा दिवा लुकलुकला. "माझ्यात अक्कल मुळात बसवलेलीच नाही. त्यामुळे ती जाण्याचा प्रश्न येत नाही. मी कितीही दिवस राहू शकतो."

"माझ्या अशिलाचंही हेच म्हणणं आहे, साहेब," भाच्याचा वकील म्हणाला आणि खाली बसला. भाच्यानेही मान डोलावली.

उरली आशा काळप्रवाशाची. तो तीनशे वर्षांपुढून आला होता. वकीलबाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला. "या दाव्याचा निकाल काय लागला?"

काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"निकाल?" काळप्रवासी गोंधळला. "मी निघालो तेव्हा साक्षी चालू होत्या."

"कोणाची साक्ष चालू होती?"

"माझीच."

त्या भागाने प्रेक्षकसंख्येचे सगळे विक्रम मोडले. पाहुण्या कलाकारांचा मुक्काम बेमुदत वाढवण्यात आला. चित्रीकरण संपल्यावर काकूंनी दिग्दर्शकाला गाठलं.

"अहो, माझ्या खोलीचं काय झालं?"

"काकू, काय बोलताय! तुमची खोली आज घराघरात पोहोचलीय."

"घराघरात पोहोचली, ते ठीक. मला कधी मिळायची?"

दिग्दर्शकाला हा संवाद फार आवडला. त्याने तो पुढच्या भागात कप्तानाला दिला.

मग स्थळपाहणीचा हुकूम निघाला आणि अख्खी मालिका पुढच्या खोलीत राहायला आली. कप्तान पलंगावर भाच्याशेजारी पसरला. काळप्रवासी काल आलो की उद्या, याचा घोळ घालत दोनदा जेवला. यंत्रमानवाला चार्जिंग लागे, म्हणून स्वयंपाकघरातल्या दिव्याची वायर काढून त्याला लावली. बघ्यांसाठी भाच्याकडे तोंड करून खुर्च्यांच्या रांगा मांडल्या गेल्या. काकूंची सख्खी बहीण मुलाबाळांसह आली आणि पहिल्या रांगेत बसली.

"ताई, तुझं नशीब बाई मोठं! कप्तान तुझ्या घरात!"

"माझ्या घरात आहे, हेच तर मला सिद्ध करायचंय गं," काकू म्हणाल्या. बहिणीने "शू!" केलं, कारण कप्तान आणि भाचा बोलत होते.

कप्तानाचा चंदेरी पोशाख काखेत उसवला होता. तो कोणीतरी काकूंच्या अंगावर टाकला. अंधारात, चुलीच्या उजेडात त्यांनी तो शिवून दिला, आणि इतका सुरेख शिवला की शिवण शोधून सापडू नये. याबद्दल कोणी आभारही मानले नाहीत. खरं सांगतो, इथे मला काकूंची दया येत नाही. उरलेल्या सगळ्यांचा संताप येतो.

शेवटी एका सोफ्याच्या कंपनीने मालिकेचं प्रायोजकत्व घेतलं आणि निकालाच्या भागाची मागणी केली. न्यायाधीशांनी टोपण काढलं. या वेळी कोणी 'कट' म्हणालं नाही. त्यांनी निकाल वाचला तो असा:

"पाहुणा कोण आणि मालक कोण, याबाबत कायदा पुरेसा बोलका नाही. म्हणून कोर्टाने प्रत्यक्ष वहिवाट पाहिली. स्थळपाहणीत असं आढळलं, की घरातली सर्व माणसं पुढच्या खोलीत प्रतिवादीकडे तोंड करून बसतात, तो बोलत असता आपसात बोलत नाहीत, आणि त्याच्या सोयीने जेवतात. सबब, घरात ज्याच्याकडे तोंड करून सगळे बसतात, तोच त्या घराचा मालक समजावा."

"मी बसले नव्हते, साहेब!" काकू ओरडल्या. "मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते!"

"बघत होतात ना?"

काकू बघत होत्या. काम करता करता, मान वळवून, पण बघत होत्या.

मालकाची हरकत नसेपर्यंत काकूंना स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून राहू द्यावं, अशी दयाबुद्धीची तळटीप कोर्टाने जोडली. भाच्याने मोठ्या मनाने चार दिवसांची परवानगी दिली. टाळ्या पडल्या. वकीलबाईंनी अपील केलं आहे. ते आता नाचगाण्याच्या स्पर्धेकडे वर्ग झाल्याचं कळतं.

हा निकाल मात्र फक्त काकूंपुरता नाही. न्यायखात्याने तो सर्व घरांना लागू केला असून अंमलबजावणीसाठी बेलीफ लवकरच घरोघर फिरतील. ते आत येऊन फार चौकशी करणार नाहीत. तुमच्या पुढच्या खोलीतल्या खुर्च्या कशाकडे तोंड करून मांडल्या आहेत तेवढं बघतील, त्याचं नाव मालक म्हणून लिहून घेतील, आणि तुम्हाला विचारतील, की आपण किती दिवसांचे पाहुणे? काकूंचं घर निदान माणसाने तरी बळकावलं होतं.