शंभर टक्के बोलण्याचा तक्ता

माणूस कोणाचा, हे तो कोणाशी बोलतो यावरून ठरते. पाणीपुरवठा कचेरी नव्या इमारतीत हलायची ठरली, तेव्हा कोणी कोणत्या खोलीत बसावे हे वशिल्याने नव्हे तर गणिताने ठरावे, असा आदेश निघाला. (तो वशिलेवाल्यांनीच सुचवला होता.) काम हेडक्लार्ककडे आले आणि ते मनातून खूश झाले. एकोणीस वर्षे ते आणि आरेखक एकाच खिडकीशी बसत. न्याय्य गणित ही जोडी फोडणार नाही, याची त्यांना खात्री होती.

पद्धत निर्दोष होती. प्रत्येकाने आपले दिवसभराचे बोलणे माणसामाणसांत टक्क्यांनी वाटायचे, बेरीज शंभरच. स्वतःशी बोलणेही दाखवणे सक्तीचे. (त्याशिवाय आकडे स्थिरावत नाहीत. माणसेही नाहीत.) मग पहिली पायरी: तुम्ही ज्याच्याशी बोलता तो ज्यांच्याशी बोलतो, त्यांच्यापर्यंत तुमचेही बोलणे पोचले असे धरायचे. दुसरी: प्रत्येक आकड्याला त्याच आकड्याने गुणून बेरीज पुन्हा शंभरावर आणायची. साठ-तीस-दहाचे अठ्ठ्याहत्तर-वीस-दोन होतात. थोरला फुगतो, धाकटा सुकतो. यात अन्याय नाही, गुणाकार आहे. आकडे हलायचे थांबेपर्यंत हेच करत राहायचे. शेवटी ज्यांचे आकडे एकाच माणसापाशी साचतील, त्यांचा एक गट आणि गटाला एक खोली.

हेडक्लार्क प्रामाणिक. त्यांनी स्वतःशी ऐंशी लिहिले (बेरजा ते पुटपुटत करतात), साहेबांशी पंधरा. आरेखकाशी रोज दोनच वाक्ये होत. "खिडकी उघडू का?" "उघडा की." बाकी वेळ दोघे गप्प बसत आणि त्यातच त्यांना बरे वाटे. पण गप्प बसण्याला रकाना नव्हता, आणि रकाने त्यांनीच आखले होते. आरेखकाच्या नावावर उरलेले पाच टक्केसुद्धा त्यांनी हात जरा सैल सोडूनच लिहिले.

तिसऱ्या फेरीत हेडक्लार्कच्या रकान्यातले आरेखक शून्यावर आले. त्यांनी तीनदा पडताळले. गणित बरोबरच होते. शेवटी आवक-जावकच्या बाईंभोवती एकतीस जण गोळा झाले (साहेब आणि आरेखक धरून), शिपाईमामांभोवती चौदा. तिसरा गट हेडक्लार्कचा. सदस्यसंख्या एक.

हलवाहलवीच्या दिवशी आरेखक स्टूल उचलून दारात थांबले.

"आता खिडकी तुम्हीच उघडा हं," म्हणाले आणि बाईंच्या खोलीत गेले. एकोणीस वर्षांतले हे पहिलेच तिसरे वाक्य. (नोंद घेता आली नाही, तक्ता बंद झाला होता.)

घरगुती वापरासाठी कोरा तक्ता मागितल्यास मिळतो. आत्ता शेजारी बसलेल्या माणसाशी आज किती बोललात, ते खरे लिहावे. फोनला वेगळा रकाना नाही. तो वेळ 'स्वतःशी'मध्ये धरावा.