किटल्यांचं औपचारिकीकरण

माणसाने वस्त्र थंडीवाऱ्यासाठी शोधून काढलं, असं शाळेत शिकवतात. थंडीवाऱ्याचा प्रश्न केव्हाच सुटला. वस्त्राचा तेवढा उरला, कारण नातेवाईक उरले.

नातेवाइकांच्या सोयीसाठी पेहरावाच्या इयत्ता ठरवलेल्या आहेत. औपचारिक, म्हणजे ज्यात बसता येत नाही. अनौपचारिक, म्हणजे ज्यात पाहुण्यांना दार उघडता येत नाही. या दोहोंच्या मधोमध निम-औपचारिक नावाची एक देखणी इयत्ता आहे. तिचा अर्थ कोणालाच ठाऊक नसतो, पण तो चुकला की सगळ्यांना कळतो.

चुलत दिराच्या लग्नाचं निमंत्रण फोनवर आलं, त्यात तळाशी बारीक अक्षरात नेमकं तेच होतं : पेहराव निम-औपचारिक. धाकट्या सुनेने (घरात तिला नुसतं धाकटी म्हणतात) ते बाळाला मांडीवर थोपटत पुन्हा पुन्हा वाचलं. अर्थ काही वाढला नाही.

बाळंतपणानंतर तिच्या कपाटातल्या कपड्यांची रीतसर वर्गवारी झाली होती : न चढणारे, चढल्यावर न उतरणारे, आणि चढणारे-उतरणारे पण पाठीवर बटणं असणारे. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या दृष्टीने शेवटचा वर्ग म्हणजे कुलूप लावलेलं स्वयंपाकघर. या छाननीतून एकच उमेदवार पात्र ठरला. निळा सुती ड्रेस, पुढे कमरेपर्यंत बटणं, दोन खोल खिसे, आणि अंगभर पांढऱ्या किटल्या. चहाच्या. तोटी, कान, झाकण, सगळं स्पष्ट. (विकत घेताना तिच्या मनात लग्न नव्हतं, भाजी आणणं होतं.)

एरवी ती किटल्यांसकट गेलीही असती. पण प्रश्न फोटोचा होता. मागच्या लग्नात कुटुंबाच्या फोटोसाठी ती टोकाला उभी राहिली आणि चौकटीत तिचं फक्त डावं कोपर आलं. तो फोटो बैठकीच्या खोलीत, पंख्याच्या बटणांच्या बरोबर वर लावलेला आहे. कोणी आलं की सासूबाई हौसेने ओळख करून देतात : "हा मोठा, ही मोठी सून, हा धाकटा, आणि ही..." इथे त्यांचं बोट कोपरावर टेकतं, "...ही आमची धाकटी. स्वभावाने फार गोड." शेजारच्या काकूंनी एकदा कोपर नीट निरखलं आणि म्हणाल्या, "दिसतंच आहे."

या वेळी फोटोत संपूर्ण यायचं, असं धाकटीने मनाशी पक्कं केलं होतं. उद्या बाळ मोठं होऊन विचारेल, यात माझी आई कोणती? त्याला कोपर दाखवायचं?

फोटोचं खातं थोरल्या नणंदेकडे होतं. तिने कुटुंबाच्या ग्रुपवर जाहीर केलं की पुढच्या रांगेत ज्यांचे कपडे शोभतील तेच बसतील, नंतर कोणी रुसायचं नाही. धाकटीने ड्रेस हँगरला अडकवला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्याचा फोटो काढला आणि मंजुरीसाठी पाठवला. लगेच फोन आला.

"फुलं आहेत ना गं ती?"

"लांबून फुलंच आहेत, ताई."

"मग लांबच राहा. आणि वरून काहीतरी घाल."

साध्या नक्षीदार ड्रेसला निम-औपचारिक दर्जा मिळवून देण्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे, आणि जाणकार मैत्रिणी ती फोनवर विनामूल्य समजावून सांगतात. नक्षी बोलकी असेल तर वरून एकरंगी काहीतरी चढवून तिला गप्प करावं. पट्टा बांधून, आपल्याला कंबर आहे असं वातावरण निर्माण करावं. कानाशी चमक द्यावी, टाचेखाली उंची द्यावी. हातात अशी पर्स धरावी जिच्यात काही मावत नाही. (जिच्यात डायपर मावतो ती पर्स नव्हे, पिशवी.)

धाकटीने सर्व अटींची पूर्तता केली. काळ्या जाकिटाखाली शेहेचाळीस टक्के किटल्या गेल्या. पट्ट्याने अख्खी एक रांग गिळली. रेशमी स्टोलने उरलेल्यांची बोळवण केली. गुडघ्याखाली सतरा किटल्या शिल्लक राहिल्या, त्यांच्यापुढे बाळाची पिशवी धरायची असा तोडगा निघाला. ड्रेस आता इतका उत्तम सजला होता की तो दिसतच नव्हता.

"कशी दिसतेय?" तिने नवऱ्याला विचारलं.

"छान. मुलाखतीला निघाल्यासारखी."

"म्हणजे जास्त झालं?"

"नाही नाही. नोकरी मिळेल."

(त्याचं स्वतःचं निम-औपचारिकीकरण शर्ट आत खोचून पार पडलं होतं. त्यासाठी आरसाही लागला नव्हता.)

सभागृहात शिरल्यावर कारभार बाळाने हाती घेतला. प्रथम त्याने कानातली ओढून पाहिली; ती खिशात गेली. मग त्याला पट्ट्याची बक्कल चावायला हवी झाली, आणि ती मिळेपर्यंत त्याने असा सूर लावला की नवरा मुलगा मान वळवून बघू लागला. पट्टा सुटला. स्टोल दूध पुसण्याच्या कामी आला. जाकिटाच्या खांद्यावर बाळाने आपला अभिप्राय नोंदवला, तेव्हा तेही उतरलं. त्याला व्हरांड्यात फिरवायचं म्हणून टाचांचे बूट खुर्चीखाली गेले आणि पिशवीतल्या सपाता पायात आल्या. निम-औपचारिकतेचा एकेक आधार असा गळून पडला, आणि नेमक्या त्याच वेळी आतून हाक आली, "चला, घरच्यांचा फोटो."

धाकटी गुपचूप टोकाला जाऊन उभी राहिली. कोपराची जागा तिच्या ओळखीची होती.

पण एवढ्यात बाळाला किटल्यांचा शोध लागला. एकेका किटलीवर बोट दाबत ते खुदखुदायला लागलं. फोटोवाल्याने कॅमेऱ्यामागून मान वर काढली. "बाळवाल्या ताई, पुढे या, मधोमध बसा. ते हसतंय तोवर उरकून घेऊ."

ती बसली. समोरून थोरली नणंद तरातरा तिच्याकडेच येत होती. धाकटीने श्वास रोखून बाळाला किटल्यांवर जमेल तितकं पसरवलं. नणंद वाकली आणि तिच्या कानाशी कुजबुजली,

"माझ्या पाठीवरची पिन दिसत नाहीये ना गं?"

"नाही, ताई." (दिसत होती.)

फोटो त्याच संध्याकाळी ग्रुपवर आला. नणंद म्हणाली, माझेच डोळे नेमके मिटलेत. सासूबाई म्हणाल्या, मी एवढी जाड कधी झाले? नवऱ्याने बोटांनी मोठं करून स्वतःचं कपाळ कुठवर गेलंय ते पाहिलं आणि फोन खाली ठेवला. कडेला एक कोपर आलं होतं, ते मधल्या काकांचं निघालं. मधोमध धाकटी होती, सपातांपासून केसांपर्यंत अखंड. फोटो आता पंख्याच्या बटणांच्या वर आहे आणि सासूबाईंचं बोट तिच्या चेहऱ्यावर टेकतं. किटल्यांबद्दल आजतागायत कोणी चकार शब्द काढलेला नाही, कारण जो तो आधी स्वतःला शोधतो आणि मग तिथेच अडकून बसतो.

तात्पर्य, त्या अख्ख्या लग्नात तिचा ड्रेस बाळाखेरीज कोणीही पाहिला नाही. गळ्यापासून घेरापर्यंत, तोटी-झाकणासकट, झाकलेल्या आणि उघड्या किटल्यांच्या हिशेबासह तो निरखून पाहिला फक्त तुम्ही. पट्टा नकोच होता, असंही मघाशी तुमच्या मनात येऊन गेलेलं आहे. आणि हे वाचायला तुम्ही स्वतः काय घालून बसला आहात, ते मात्र कोणी विचारलेलं नाही.