एरंडेलाची चाल

भरमाप्पा रोज सकाळी तेलासोबत फिरायला जात. बेळगावच्या कडेला असलेल्या आमच्या तेलगिरणीत, विटांवर किंचित उतरता ठेवलेला एक सहा फुटी पत्रा होता. त्याच्या वरच्या टोकाला ते पळीभर एरंडेल सोडत आणि हात पाठीमागे बांधून त्याच्या कडेने पावले टाकत. तेल मागे राहिले, की थांबून म्हणत, "ये गं म्हातारे, सावकाश ये. मला तरी कुठं घाई हाय?"

ते गिरणीचे फिटर, साठीला टेकलेले. मी सव्वीस वर्षांचा, यंत्रखरेदीवर नुकताच नेमलेला. सत्तरच्या दशकाचा शेवट होता तो. खालच्या टाकीतले एरंडेल वरच्या टाकीत चढवण्यासाठी पंप निवडायचा होता. मी माहितीपत्रके चाळून सर्वांत वेगवान पंप आणला.

आप्पांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "सायेब, ह्यो हिरीवर शोभंल. पंख्यानं फेकलं की पाणी पळतंय. म्हातारीला फेकून चालत न्हाय, हाताला धरून न्यावं लागतंय. दातेरी चाकांचा घ्या. हळू फिरतोय, पर सोडत न्हाय."

"हळूच जायचं तर पंप कशाला, आप्पा? तुम्ही आणि एक बादली पुरे की!"

सगळे हसले. आप्पाही हसले. त्या हशाची मला आज लाज वाटते.

चाचणी मी मे महिन्यातल्या भर दुपारी घेतली. उन्हाने पातळ झालेले तेल सुरळीत वर चढले आणि मी आप्पांना प्रगतीवर चार शब्द ऐकवले. त्यांनी ते मान डोलावत ऐकून घेतले.

डिसेंबरातल्या एका गारठलेल्या सकाळी पंप नुसताच घुमू लागला. तेल जागचे हलेना. थोड्याच वेळात मोटर जळाली. फाटकात टँकर खोळंबले होते.

"हा पंप कुणी पसंत केला?" मालकांनी विचारले.

मी स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिलो.

"म्याच जी," आप्पा म्हणाले. "सायेब दुसरा म्हणत हुते."

"मग उद्यापासून घरी बसा."

मी तरीही बोललो नाही. पुढचे तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी मालकांसमोर जाऊन सारे सांगितले. ते म्हणाले, "तुमची बढती विसरा. आणि आधी त्या माणसाला घेऊन या."

हिंडलग्याला आप्पांच्या दारात मी हात जोडले. "तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"गेल्या हप्त्यात लगीन ठरल्याचं पेढं वाटलासा न्हवं? बिननोकरीचा नवरा कोण पत्करंल, सायेब?"

मी म्हणालो, "मालकांनी बोलावलंय. दातेरी पंप आणायचा आहे, आणि तो तुम्ही निवडायचा."

"व्हय?" त्यांचा चेहरा उजळला. "मग चाकांचं फेरं कमी ठेवायचं. तेल वडून घ्यायचा पाइप लई रुंद पायजे, आनि आखूड. पंप टाकीला चिकटूनच बसवू. थांबा, ताट करतो, जेवता जेवता सांगतो."

"नको, आप्पा. तुमच्यापुरतंच असेल."

"न्हाय वो." चुलीपाशी वळून ते जरा ओशाळून हसले. "कारभारीण जाऊन पाच वर्सं झाली. एकट्याचा भात लावाय मला आजून जमंना. रोज दोघांचाच हुतोय."

मी पाट ओढून घेतला आणि बसलो.