वरच्या मजल्यावरची पावलं

एका पायावर उभं राहायचं मी ठरवलं आणि सगळं तिथूनच सुरू झालं. (तोवर अडतीस वर्षं एका खुर्चीत बसून मी ऑफिसचं रेकॉर्ड सांभाळलं होतं. पायांचा उपयोग चपला घालण्यापुरता.)

निमित्त झालं वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं. एकटेच राहायचे. बाथरूममध्ये घसरले. हाड मोडलं नव्हतं, पण उठताच आलं नाही. दोन दिवस तसेच पडून होते आणि खाली आम्ही टीव्ही बघत होतो! महिन्याभरात ते गेले. फ्लॅटला कुलूप लागलं.

मी घाबरून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "एका पायावर दहा सेकंद उभे राहा बघू."

चौथ्या सेकंदाला मी त्यांच्या टेबलाला मिठी मारली.

"रोज सराव करा," ते शांतपणे म्हणाले. "नाहीतर पडाल."

बायकोला सांगायची सोय नव्हती. (ती हसते. एकदा सुरू झाली की आठवडाभर हसते.) म्हणून दुपारी ती खोलीचं दार लावून आडवी झाली, की मी स्वयंपाकघरात ओट्याजवळ बगळा होऊ लागलो.

तिसऱ्या दुपारी डोक्यावरच्या छतातून आवाज आला. सर्र... ठक. सर्र... ठक. कुणीतरी पाय ओढत चालत होतं. मग दबका, खोल आवाज आला, "एक... दोन... तीन..."

चारला माझा तोल गेला. वरचा आवाजही चारलाच थांबला.

माझ्या अंगावर काटा आला. मास्तरांनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली होती.

संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "अगं, वर कुणीतरी चालतंय."

तिच्या हातातली बशी खणकन वाजली. "वर कोण असणार? कुलूप आहे ना?"

"आकडे मोजतंय."

"कान तपासून घ्या," ती म्हणाली आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाय उचलला आणि वर धाडकन काहीतरी कोसळलं. मग शांतता. मी वाट पाहिली. पाऊल नाही, आकडा नाही. मास्तरांचे ते दोन दिवस मला आठवले. भूत असो वा चोर, पडलेल्याला तसंच सोडायचं नाही, असं म्हणून मी जिना चढलो. (कठडा दोन्ही हातांनी धरून.)

कुलूप कडीला उघडंच लटकत होतं. दार ढकललं. आत पडदे ओढलेले, सगळ्या सामानावर पांढऱ्या चादरी. सोफ्यामागून एक हात सावकाश वर आला. त्याने चाचपडत खुर्चीची कड धरली. मग दुसरा हात आला. मग पांढरे केस.

मी किंचाळलो, मागे सरकलो, चादरीत पाय अडकला आणि सपशेल आडवा झालो.

"अहो!" केसांखालून बायकोचा आवाज आला. "तुम्ही इथे काय करताय?"

"तू... तू पडलीस?"

"स्टूल पडलं. मी तर मुद्दाम जमिनीवर झोपले होते." ती खुर्ची धरून उभी राहिली आणि चक्क पदर झटकू लागली. "झाडांना पाणी घालायला मास्तरांच्या मुलीने किल्ली दिलीय. दुपारी झोपायच्या नावाखाली इथे येऊन उठायचा सराव करते. घरी केला असता तर तुम्ही हसला असता."

(चाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी कधी दबक्या आवाजात बोललीच नव्हती. मी ओळखणार कसा?)

"पण कशासाठी?" मी आडव्यानेच विचारलं.

ती पडलेलं स्टूल सरळ करत म्हणाली, "मास्तर तसेच पडून होते ना... उद्या मी पडले तर तुम्ही मला उचलू शकाल का?"

मी हात पुढे करून म्हणालो, "आधी मला उचल."

"छे! ओढायचं नसतं. कुशीवर वळा. आता हाताच्या जोरावर गुडघ्यांवर या."

मी वळलो. म्हणजे अर्धा वळलो आणि तिथेच अडकलो, उलटलेल्या कासवासारखा.

बायकोने घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग दाराकडे निघाली.

"कुठे चाललीस?"

"खाली जाऊन चहा टाकते. उकळून, गाळून, पिऊन परत येते. तोवर एका गुडघ्यापर्यंत तरी पोहोचा."