मामाजींची हाक

प्रत्येक शर्यतीच्या सकाळी आमचे मामाजी मला तोंड उघडायला लावतात आणि माझे दात बघतात. बाजारात बैल घेताना बघतात ना, अगदी तसे. मी धावते पायांनी. दातांवरून पायांचं काय कळतं, हे मी त्यांना कितीदा तरी विचारलंय. "बोलू नको, तोंड उघड," एवढंच उत्तर मिळतं.

मामाजी म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या अलीकडे आमचं गाव. आमच्या अंगणाला लागूनच त्यांचं घर आणि त्यात ते एकटेच. लग्न केलं नाही. उमेदीची सगळी वर्षं शंकरपटात घालवली. पट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत, आणि जोडी हाकतो तो धुरकरी. मामाजी नावाजलेले धुरकरी होते. मग पटावर बंदी आली, बैल विकावे लागले, आणि बंदी उठेपर्यंत मामाजींच्या गुडघ्यांनी राम म्हटला. हाकायला उरलं कोण? मी.

पटाचे बैल जिथे पळतात त्या सरळ पट्टीला दाण म्हणतात. पट नसला की ती रिकामी पडलेली असते. तिथे त्यांनी मला धावायला शिकवलं. शिकवलं कसलं, हाकलं! शर्यत जवळ आली की भिजवलेले चणे, दूध, कच्ची अंडी. एकदा तर बैलांना घालतात ती जवसाची ढेप, म्हणजे पेंड, घेऊन आले. आई खवळली तर म्हणतात कसे, "थोडीशी खाऊन पाहाले का जाते तिचं?" आणि सुटायचं कधी, तर मागून त्यांची "हाऽऽऽ!" अशी हाक आली की.

उघड्या मैदानावर हे खपून गेलं. तिथे मामाजी कुंपणाबाहेर असायचे आणि त्यांची हाक वाऱ्यावर जायची. मग इनडोअर शर्यती आल्या. बंद हॉलमध्ये साठ मीटर धावायचं. मामाजींना ते मुळातच पटलं नव्हतं. "घरात धावून रायले! आपल्याकडं पोट्टे घरात धावले तं मार खातेत."

तरी मागच्या महिन्यात पहिल्या इनडोअर शर्यतीला ते आलेच. पहिल्या तिघींना राष्ट्रीय शिबिरात जागा मिळणार होती. त्यासाठी मी वर्षभर मरमर मेले होते. ब्लॉकवर पाय रोवले, कंबर उचलली, आणि बंदूक वाजायच्या आत गॅलरीतून आली, "हाऽऽऽ!" छपराखाली ती अशी घुमली की मी सुटलेच. बाकीच्या सगळ्या जागच्या जागी, मी एकटी पुढे. लाल कार्ड दाखवून मला बाहेर काढलं.

 परतीच्या गाडीतून गोंदियाला उतरले आणि फलाटावरच तोंड सोडलं. "मी बैल नाही! ऐकू येते का तुमाले? बैल नाही!" चहावाला मधे पडला, "क्या हो गया, दीदी?" मी त्यालाही झापलं.  एरवी कावळ्याशीसुद्धा वाद घालणारे मामाजी मान खाली घालून ऐकत राहिले. मला त्याचाही रागच आला.

काल दुसरी आणि शेवटची संधी होती, पुन्हा पहिल्या तिघींनाच. सकाळच्या फेरीत मी नीट बंदूक ऐकून सुटले आणि फायनलमध्ये पोचले. गॅलरीत मामाजी दिसेनात. शोधत बाहेर आले, तर हॉलच्या बंद दाराशी उभे आणि तोंडात खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बोळा.

"हे काय लावलंय?"

त्यांनी बोळा काढला. "तोंड आवरत नाही, बाप्पा. आत आलो असतो तं तुले पुन्हा बाहेर काढलं असतं."

"पण ओरडता कायले?"

"पटात हाक नाही देल्ली तं बैलाले वाटते, आपला माणूस मांगंच रायला. एकटं वाटते त्याले. मंग भेते." दुपट्टा खांद्यावर टाकत म्हणाले, "तुले तसं वाटू नये म्हून."

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. हे आधी सांगायला काय झालं होतं? मी फलाटावर एवढी बरळत होते तेव्हा तोंड शिवलं होतं का? दंड धरून त्यांना आत नेलं आणि गॅलरीत बसवलं. म्हटलं, "बंदूक वाजल्यावर ओरडा. पाहिजे तेवढं ओरडा."

फायनलला बंदूक वाजली, मी सुटले. हाक काही आली नाही. मी तिसरी आले, शिबिरात जागा मिळाली, आणि हाक का दिली नाही म्हणून भांडायला मी तडक गॅलरीत चढले. बंदूक वाजली तेव्हापासूनच मामाजी रडत असणार. डोळे गळत होते, आणि शेजारच्या कुणा अनोळखी बाईला ते घोगऱ्या आवाजात सांगत होते, "आमची पोट्टी होय ते. आता शिबिरात जाते. घरी नाही राहत आता."